खाली पाहणारे डोळे

लग्नपत्रिकेवरचा गणपती रडका छापला, म्हणून एक गृहस्थ आमच्या प्रेसमध्ये भांडायला आले होते. मुलीचं लग्न. पत्रिका वाटायला काढल्या आणि व्याह्यांनीच शंका काढली, "गनपती काऊन नाराज दिसून राह्यला?" आता व्याही म्हणतात म्हटल्यावर गणपती नाराज असलाच पाहिजे. आमचे मालक देवरावजी यांनी गृहस्थांना बसवलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "याईनंच बनवला. काय सांगाचं ते याईलेच सांगा."

मी त्या गणपतीचा लाकडी ठसा, म्हणजे ब्लॉक, हातात घेतला आणि डोळ्याला भिंग लावलं. व्याह्यांचं खरं होतं. गणपतीच्या डोळ्याखाली एक रेघ होती, तिचं बाहेरचं टोक केसभर खाली ओघळलं होतं. तेवढ्यानं त्याचं सगळं तोंड उतरलं होतं. मी त्या टोकाची खालची कड कोरणीनं तासून काढली. रेघ उचलल्यासारखी झाली. देवरावजींनी शाई फिरवून कागद काढला. गृहस्थांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "हं. आता राजी झाला." उरलेल्या पत्रिका त्या गणपतीनं छापल्या. लग्न नीट लागलं असावं, कारण पुढे बारशाची पत्रिकाही आमच्याकडेच आली.

देवांना राजी-नाराज करण्याचं हे काम मी वर्ध्याच्या एका लहानशा प्रेसमध्ये सत्तर ते नव्वदच्या मधली बरीच वर्षं केलं. आताच्या वाचकांना ते समजावून सांगावं लागेल, कारण ते काम आता कुठे राहिलं नाही.

तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांची होती. अक्षरं जुळवायची, त्यांच्यावर शाईचा रूळ फिरवायचा, कागद दाबायचा. मजकुरात चित्र हवं असेल तर त्याचा ब्लॉक लागे. जस्ताचे ब्लॉक नागपूरहून करून आणावे लागत आणि त्यात दिवस जात. लग्न, जत्रा आणि तेरवी यांना तेवढा दम नसतो. म्हणून आमच्या प्रेसमध्ये लाकडावर हातानं कोरलेले ब्लॉक चालत. लाकूड हळदूचं. पिवळसर, घट्ट, लोण्यासारखं कापलं जाणारं. झाड आडवं कापल्यावर जो गोल दिसतो, त्या तोंडावर कोरायचं, म्हणजे रेघ कुठेही वळवली तरी लाकूड चिरत नाही. जे कोरून काढलं ते कागदावर पांढरं उमटतं, जे ठेवलं ते काळं. आणि सगळं उलटं. डावा हात उजवीकडे, उजवा डावीकडे. मी समोर आरसा ठेवून काम करायची. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाई कामावर येऊन नट्टापट्टा करते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे करडा रंग नव्हता. फोटोत असतात तशा फिक्या-गडद सावल्या नव्हत्या. शाई लागली तर काळं, नाही लागली तर पांढरं, मधलं काही नाही. त्या दोनांतूनच देवाचा राग, लोभ, माया, धाक सगळं काढायचं. रेघा दाटीनं मारल्या की डोळ्याला सावली वाटते, विरळ केल्या की उजेड. रेघ एकदम तुटली की पाहणाऱ्याच्या मनाला धक्का बसतो. निमुळती होत विरली की मन निवतं. हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही. माझे वडील पुलगावच्या गिरणीत सुतार होते, सुट्टीच्या दिवशी वर्ध्याला येऊन देवरावजींना ब्लॉक करून देत. पुढे त्यांचा हात कापायला लागला आणि त्यांचं अर्धं राहिलेलं काम मी पुरं करायला लागले. देवरावजींनी ते ओळखलं. एकदा म्हणाले, "मिस्त्री, तुमचा हात इतका जवान कसा झाला?" वडील हसले आणि खरं काय ते सांगून टाकलं. दुसऱ्या महिन्यापासून मी प्रेसमध्ये. सुताराची लग्न होऊन वर्ध्यात आलेली मुलगी खिळ्यांच्या प्रेसमध्ये बसते, याचं गावाला काही दिवस नवल वाटलं. मग गावाला दुसरी नवलं मिळाली.

माझ्या हातचं पहिलं नावाजलेलं काम म्हणजे एका देवीचं. धाम नदीच्या काठच्या एका खेड्यातून पुजारी आणि दोन म्हातारे आले. जत्रेचं पत्रक काढायचं होतं आणि त्यावर माय पाहिजे होती. पण त्यांच्या मायला नाक-तोंड काही नव्हतं. शेंदूर माखलेला दगड आणि त्यावर चांदीचे दोन डोळे. फोटो आणला होता, तो पार काळा. मी विचारलं, "तोंड कसं काढू?" पुजारी म्हणाले, "तोंड कायले पाहिजे? डोये हायेत ना!"

मी तसंच केलं. सगळा ठोकळा काळा ठेवला, बाजूनं सळसळत्या रेघा सोडल्या आणि मधोमध दोन डोळे उघडले. त्यात एक युक्ती आहे. बुबुळ वरच्या पापणीला टेकवलं तर नजर मवाळ होते. बुबुळाच्या चारी बाजूंनी पांढरं सोडलं तर ते डोळे माणसाला सोडत नाहीत, जाल तिकडे पाहतात. मी चारी बाजूंनी पांढरं सोडलं. ओला कागद मशीनवरून काढला तेव्हा पुजाऱ्यांनी चपला काढल्या आणि त्या कागदाला हात जोडले. देवरावजी नंतर मला म्हणाले, "कुसुमबाई, या पत्रकात कोनी भजे नाई बांधनार." प्रेसवाल्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी नसते. त्यानंतर जत्रेचं काम आलं की लोक सांगत, "डोये तसेच पाहिजेत." देवाचा धाक वाटला पाहिजे आणि तो डोळ्यांत असतो, हे मी पक्कं धरून बसले.

अशात एक दिवस वामनराव आले. सत्त्याहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तर साल असेल. पुलगावच्या डेपोत कामाला होते, उंच, शांत, धुतलेला पांढरा सदरा. काउंटरशी उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "एवढा मोठा बुद्ध पाहिजे. जाड रेघांचा. छापून भेटन का?"

देवरावजी म्हणाले, "आमची मशीन एवढी नाई. आन् बाजारात रंगीत तसबिरी भेटतात की."

"तसबीर घरी आहे," वामनराव म्हणाले. "मायले दिसत नाई."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईला काचबिंदू झाला होता. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाणार, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईनं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा बुद्धाची एक तसबीर घरी आणली होती. रोज संध्याकाळी ती तिच्यापुढे बसे. आता बसते, पण समोर काय आहे ते तिला दिसत नाही. तिनं तसं बोलून दाखवलं नव्हतं. "पन मले समजते ना," वामनराव म्हणाले. "डोये पूरे जाच्या आंदी तिनं येक डाव पाहावा, येवढंच."

मी हो म्हटलं. फरशीवर अंथरतात त्या लिनोलियमचा मोठा तुकडा मिळवला, त्यावर बोटभर जाडीच्या रेघांचा बुद्ध कोरला आणि मशीनवर जाईना म्हणून हातानंच घासून कागदावर उतरवला. दाराच्या फळीएवढं चित्र झालं. वामनराव ते गुंडाळी करून मोठ्या जपणुकीनं घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात परत आले तेव्हा चेहरा पडलेला होता. मी विचारलं, "दिसला का हो मायले?"

"दिसला म्हनते. लय चांगला दिसला म्हनते." ते थांबले. "पन चित्र या बाजूले होतं, आन् ते खुंटीकडे पाहून सांगे."

मला राहवेना. मी म्हटलं, "मी येते. मले त्याईलेच इचारू द्या, काय दिसते ते."

रविवारी पॅसेंजरनं पुलगावला गेले. वामनरावांचं घर वस्तीच्या कडेला, समोर लिंपलेलं अंगण. त्यांची आई सोनाबाई दारात सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. बोटांनी. खडा लागला की चिमटीत धरून बाजूला टाकायच्या, एकही चुकत नव्हता. वामनरावांनी मी कोण ते सांगितलं आणि पाणी आणायला आत गेले. सोनाबाईंनी मान माझ्याकडे वळवली, थोडी इकडे, थोडी तिकडे, रेडिओचं स्टेशन लावावं तशी.

मी म्हटलं, "मावशी, खरं सांगा. तुमाले तो बुद्ध दिसला नाई ना?"

त्या आतल्या बाजूचा कानोसा घेत हळूच म्हणाल्या, "नाई, बाई. वामनचं तोंड उतरन म्हनून दिसला म्हनलं."

"मंग काय दिसते तुमाले? कसं दिसते?"

"चुलीची फुंकनी राहते ना, तिच्यातून पाहाल्यावानी दिसते. आन् फुंकनीच्या तोंडाशी धूर. आता तुह्यं नाक दिसून राह्यलं, त कान गेले. कान पाहाले गेली त नाक जाते. मंग तो येवढा भिंतीयेवढा बुद्ध मी कसा पाहू? गुडघा पाहाला त डोस्कं गेलं!" आणि त्या हसल्या.

मी कपाळाला हात लावला. वामनराव आणि मी, दोघंही शहाणे मोठं करत सुटलो होतो आणि त्यांना हवं होतं लहान. नळीतून मावेल एवढं, तळहाताएवढं. म्हणजे माझ्या ब्लॉकच्याच मापाचं!

मग आम्ही दोघींनी तिथंच परीक्षा घेतल्या. मी चुलीतला कोळसा घेऊन चुन्याच्या भिंतीवर रेघा मारल्या. त्या म्हणाल्या, "भिंतच डोयात घुसते, रेघ कोठी हाय समजत नाई." मग नातवाची पाटी मागवली, तिच्यावर खडूनं जाड रेघ मारली आणि वीतभर अंतरावर धरली. सोनाबाईंची मान थांबली. "हे दिसते," त्या म्हणाल्या. "पांढरी. वाकडी मारली तुनं." रेघ खरंच वाकडी होती. म्हणजे काळ्यावर पांढरं त्यांना दिसत होतं. पांढऱ्या कागदाचा उजेडच त्यांच्या डोळ्यांत धुकं करत होता. काळ्यातून पांढरं काढणं हे तर लाकडावरच्या कोरणीचं जन्माचं काम. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं पाटीवर एक तोंड काढलं, डोळे, भुवया, ओठ, आणि पुढे केलं.

सोनाबाईंनी बराच वेळ पाटी हलवून हलवून पाहिली आणि खाली ठेवली. "हा कोन होय?"

"बुद्ध, मावशी."

"नाई. हा त रागानं पाहून राह्यला."

वामनराव तोवर बाहेर आले होते. त्यांना वाटलं आईला दिसत नाही म्हणून चिडली. त्यांनी समजुतीनं म्हटलं, "माय, हात लावून पाहाशीन का? याईले लाकडाचा ठसाच द्या म्हनतो, बोटानं समजन तुले." मलाही ते पटलं. डाळीतला खडा ओळखणारी ती बोटं.

सोनाबाई मुलावर करवादल्या. "बोटानं मले डाय निवडता येते. त्याले पाहाचं हाय मले. पाहाचं!"

मी हळूच विचारलं, "मावशी, तुमच्या तसबिरीतला तो कसा होता? काय आठवते?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "लहानपनापासून सारे माह्याकडे पाहेत, पोरी. विहिरीवर गेली, त कोठी घागर टेकवते म्हनून पाहेत. दुकानात गेली, त कायले हात लावते म्हनून पाहेत. देवळापाशी गेली त दुरूनच पाहेत. घरातला देव, तो बी डोये वटारून पाहे, का चुकलं का हिचं. मंग हा आला घरी. हा पाहेच नाई माह्याकडे. खाली डोये करून बसलेला. मी सारं काम आटपून त्याच्यापुढं बसे, आन् मले कोनी पाहून नाई राह्यलं, कोनी काई इचारून नाई राह्यलं. तो बी बसला, मी बी बसली." त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुह्या पाटीवरचा पाहाते."

परतीच्या गाडीत मी माझ्याच हातांकडे पाहत होते. चारी बाजूंनी पांढरं सोडलेले डोळे. त्यांचाच तर मला अभिमान होता. दहा गावांच्या जत्रांत ते लोकांकडे रोखून पाहत होते आणि या बाईला आयुष्यात एकच डोळे असे भेटले होते की ज्यांनी तिला सोडून दिलं.

सोमवारी देवरावजींपुढे उभी राहिले. लग्नसराई ऐन भरात होती, माझ्या टेबलावर ब्लॉक ओळीनं पडले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला थोडे दिवस हेच करू द्या.

"म्हातारीचे डोये किती दिवस हायेत?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणे सांगता येत नाई."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग पत्रिकाईले जुनेच गनपती लावतो. नवरदेव काई गनपती पाहत नसते." आणि ओरडून मशीनवाल्याला सांगितलं की कुसुमबाईंना कोणी आवाज द्यायचा नाही. देवरावजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या एका वाक्यासाठी मी अजून त्यांची ऋणी आहे.

वडिलांनी जपून ठेवलेला हळदूचा एक सुरेख ठोकळा माझ्याकडे होता. तो बाजूला काढून ठेवला आणि आधी साध्या ठोकळ्यांवर हात बसवायला घेतला. पहिल्यांदा मी भुवया काढून टाकल्या. राग राहतो तो भुवयांत. जाड केल्या की आठी पडते, बारीक केल्या तर सोनाबाईंना दिसणार नाहीत. म्हणून भुवयाच नकोत, तिथं नुसता काळोख. मग पापण्या. उघड्या डोळ्यात पांढरं बुबुळाभोवती असतं. मी ते सगळं पांढरं वर पापणीत आणलं, दोन मोठ्या, भरलेल्या, कशानंही न ओरखडलेल्या पांढऱ्या पाकळ्या. त्यांच्या खाली डोळा असा नाहीच, एक वाकलेली काळी फट, कड वर न जाता खाली गेलेली. चेहऱ्याचं सारं शांतपण मी त्या कोऱ्या जागेत ठेवलं. कोरायला लागलं की हात थांबत नाही, आणखी एक रेघ मारावीशी वाटते. पापणीवर एकही मारली नाही, हेच त्या ब्लॉकमधलं सगळ्यात अवघड काम.

अडचण आली रेघांच्या टोकांची. शांत चेहऱ्याची रेघ विरत गेली पाहिजे, असं मी वर म्हटलं. पण निमुळतं टोक सोनाबाईंना दिसणारच नव्हतं. त्यांना रेघ अचानक तुटलेलीच वाटणार, आणि तुटलेली रेघ म्हणजे धसका. मी दोन ठोकळे त्यात वाया घालवले. बरं की वडिलांच्या ठोकळ्याला मी आधी हात लावला नव्हता. शेवटी सुचलं, की टोक नकोच. भुवईच्या जागेवरून उतरलेली रेघ नाकाच्या कडेनं खाली नेली, नाकपुडीला वळवून ओठाच्या वरच्या खळीत मिळवली. गालाची रेघ हनुवटीखालून फिरून कानाच्या पाळीला गेली आणि पाळीतून पुन्हा गालावर. कुठली रेघ कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते मलाही सांगता येईना. मग वडिलांचा ठोकळा घेतला.

छपाई देवरावजींनी स्वतः केली. ब्लॉकखाली पातळ कागदाचे तुकडे लावून लावून दाब जुळवला, काळा रंग खोल यावा म्हणून वाळल्यावर तोच कागद पुन्हा नेमका त्याच जागी छापला. कागद उचलून ते खिडकीशी गेले.

"भुवया राह्यल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाई. काढल्याच नाईत."

ते पाहत राहिले. मशीनच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्यानं ते नेहमी ओरडून बोलत. तेव्हा मशीन चालू असूनही ते हळू बोलले. "ब्लॉक सांभाळून ठेवा, कुसुमबाई."

मी स्वतःच ते चित्र घेऊन पुलगावला गेले. सोनाबाई दारातच होत्या, ऊन पाठीवर. वामनराव त्यांच्या बाजूला उकिडवे बसले, सून दाराशी उभी राहिली. मी चित्र सोनाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते जवळ घेतलं, लांब नेलं, डावीकडे सरकवलं. मान इकडे तिकडे होत होती. मग थांबली. कागद थांबला. अंगणात कोंबड्या कलकलत होत्या, कोणी हाकलल्या नाहीत. वामनराव विचारायला लागले तशी मी त्यांना खूण केली.

बऱ्याच वेळानं सोनाबाई म्हणाल्या, "खालीच पाहून राह्यला."

आणखी काही नाही. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. चित्र मांडीवर ठेवलं, सुनेला म्हणाल्या, "च्या ठेव. गुय जास्त टाकजो, बाई लांबून आली." वामनराव मात्र उठून घराच्या मागे गेले आणि तोंड धुऊन परत आले.

परत येताना मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण वर्धा जवळ आलं तसा मनात एक किडा वळवळायला लागला. मुलाचं तोंड उतरू नये म्हणून खुंटीकडे पाहून "दिसला" म्हणणारी बाई ही. तो खाली पाहतो, हे तिनंच मला सांगितलं होतं. मग मी आणलेल्या चित्रात तेच आहे, हे ओळखायला डोळे कशाला हवेत? लांबून आलेल्या बाईचं मन राखायला त्या तसं म्हणाल्या असतील तर? हे कोणाला विचारण्यासारखं नव्हतं. वामनरावांना तर नाहीच नाही.

त्या चित्राचं पुढे भलं झालं. वस्तीतल्या लोकांनी मागून नेलं, बुद्धपौर्णिमेला वंदनेच्या पुस्तिकेवर आलं, मग पवनारकडच्या, देवळीकडच्या खेड्यांतून मागणी आली. भुवया नसलेला बुद्ध असं कोणी म्हणालं नाही. कुणाच्या घरी पाणी प्यायला थांबावं आणि भिंतीवर आपल्या हातचं काम दिसावं, हे सुख मला त्या ठोकळ्यानं दिलं. माझ्या कामातही फरक पडला. देवीचे डोळे मी पुढेही उघडे कोरले, तसेच मागत लोक. पण बुबुळ थोडं वर टेकवायला लागले. कोणाच्या लक्षात आलं नाही. मग ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्याकडे ऑफसेट आली. चित्र काढा, फोटो द्या, जसाच्या तसा छापून येतो, करड्या सावल्यांसकट. देवरावजींनी मला काढलं नाही, प्रुफं तपासायला बसवलं. हळदूचं लाकूड हातात घ्यायचं कारण उरलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण भिंग लावून लावून माझेही डोळे दुखायला लागले होते.

त्याच सुमारास वामनरावांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका आमच्याकडेच छापली, आमंत्रण द्यायला ते स्वतः आले. सोनाबाईंची नजर त्याआधीच पूर्ण गेली होती, हे मला ठाऊक होतं. मांडवात त्या एका बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या, नवं पांढरं पातळ, मान आता इकडेतिकडे फिरत नव्हती. मी वाकून म्हटलं, "मावशी, ओळखलं का?"

"कुसुम काय? बस." त्यांनी माझा हात धरून मला शेजारी ओढलं. घरच्यांची, तब्येतीची, प्रेसची चौकशी झाली. लाउडस्पीकर कर्कश वाजत होता, त्याच्यावरून त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "येक गोष्ट तुले इचाराची राह्यली. त्याचा खालचा ओठ तुनं दुसराच काढला. पह्यल्या तसबिरीत तसा नोयता."

माझी नजर त्यांच्या ओठाकडे गेली.

"तो ओठ माह्या मायचा होय," सोनाबाई म्हणाल्या. "मी नऊ-दहा वर्साची होती तवा मेली ते. तिचा फोटो नाई, काई नाई. तुह्या चित्रात तिचा ओठ पाहाला आन् मी म्हनलं, हे कोठी भेटली या पोरीले?"

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. देवरावजींना नाही, घरी नाही. बुद्धाचा ओठ मला ठोकळ्यावर जमत नव्हता. सारखा हसरा होई, नाहीतर दुःखी. तेव्हा डाळ निवडताना खाली मान घालून बसलेल्या सोनाबाई मला आठवल्या. त्यांचा खालचा ओठ भरलेला होता, मधोमध किंचित दबलेला. तोच मी ठोकळ्यावर घेतला. तळहाताएवढ्या चित्रात जोंधळ्याच्या दाण्याएवढा तो ओठ. धुराच्या नळीतून त्यांनी तो पाहिला होता, ओळखला होता आणि इतकी वर्षं मनात ठेवला होता.

"तुमच्यातच भेटली, मावशी," मी म्हटलं. "तुमचाच ओठ होय तो."

त्यांनी बोट उचलून आपल्या ओठाला लावलं, मधल्या दबलेल्या जागेवर ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग हसल्या. "असं म्हन ना!"

तेवढ्यात पंगत बसल्याची हाक आली. सोनाबाईंनी मला दुसरीकडे जाऊ दिलं नाही. शेजारीच पत्रावळ मांडून घेतली, वाढप्याला दोनदा बजावून माझ्या पानात बुंदी जास्त टाकायला लावली. आणि पहिला घास त्यांनी स्वतःच्या हातानं मला भरवला. अंदाज जरा चुकला. तो माझ्या हनुवटीला लागला.